पाच, सात, आठ

नववीला गणितात गटांगळी खाल्ली तेव्हा ती फारशी रडली नाही. रडू आलं ते शाळा पुन्हा उघडली त्या दिवशी. वर्गाच्या दारात येऊन पाहते तर दुसऱ्या बाकावर तिची सख्खी धाकटी बहीण, नव्या दप्तराचे बंद सारखे करत बसलेली. दोघींमध्ये एका वर्षाचं अंतर. कपड्यांच्या मापापासून खिडकीजवळच्या पलंगापर्यंत सगळीकडे आईनं ते अंतर सांभाळलं होतं. शाळेनं एका निकालात ते पुसून टाकलं.

धाकटीनं तिला पाहिलं आणि सवयीनं हाक मारली, "ताई, इकडे!"

हाक सुटल्यावर तिनं जीभ चावली, पण उपयोग काय? मधल्या सुट्टीपर्यंत अख्खा वर्ग तिला ताई म्हणू लागला. "ताई, डबा खाल्लास का?" "ताई, तू तर हे मागच्या वर्षीच शिकलीस, आम्हाला सांग ना!" पोरांना चघळायला विषय मिळाला. ताई मुकाट्यानं शेवटच्या बाकावर जाऊन बसली. त्या दिवसापासून धाकटीनं शाळेत तिला हाक मारणंच सोडून दिलं. काही सांगायचं असलं तर जवळ येऊन नुसती कोपराला हात लावायची. घरी आल्यावर पुन्हा ताई. घरी हाक आणि शाळेत नुसता कोपर, हे ताईला टोचे, पण बोलणार कोणाला? बाबा कामानिमित्त दुसऱ्या गावी, सुट्टीला येत. आईच्या डोक्यावर फोटोच्या दुकानाचा व्याप.

भूमितीच्या बाई त्या वर्षी नव्यानंच आल्या होत्या. उंच, सडसडीत. व्हरांड्यातून लांब टांगा टाकत यायच्या, म्हणून पोरांनी आठवडा उलटायच्या आत त्यांचं नाव 'करकटक' ठेवलं. बाईंच्या कानावर ते गेलं, तेव्हा म्हणाल्या, "बरं झालं. माझ्या आधीच्या शाळेत मला शिडी म्हणायचे. हे निदान विषयाला धरून आहे." वर्ग हसला आणि अर्धा तिथंच बाईंच्या बाजूचा झाला.

दुसऱ्या सत्रात समरूपता आली. आकार तोच, माप वेगळं, असं बाईंनी एका वाक्यात सांगितलं आणि मग कसोट्या आल्या. कोको, बाकोबा, बाबाबा. दोन कोन जुळले की कोको. दोन बाजूंचं प्रमाण आणि मधला कोन जुळला की बाकोबा. तिन्ही बाजू एकाच प्रमाणात असल्या की बाबाबा. नावं अशी की पोरांना पाठ करायला सांगावंच लागलं नाही. तास सुटला तरी मागच्या बाकांवरून "कोको, कोको" चालूच. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, शाळेनं कोंबड्या पाळल्या आहेत.

ताईला ही नावं नवी नव्हती. मागच्या वर्षीही तिची तोंडपाठ होती. बाईंनी फळ्यावर पुढचं गणित लिहिलं तेव्हा तेही तिनं लगेच ओळखलं.

एका त्रिकोणाच्या बाजू चार, सहा आणि सात. त्याच्याशी समरूप असा मोठा त्रिकोण काढायचा आहे. चारची बाजू पाच झाली, तर उरलेल्या दोन किती होतील?

वर्गानं पटापट लिहिलं. बाई बाकांमधून फिरल्या, वह्यांवर नजर टाकत गेल्या. पाच, सात, आठ. पाच, सात, आठ. पुन्हा पाच, सात, आठ. धाकटीच्या वहीत तेवढं साडेसात आणि पावणेनऊ होतं. ताईच्या वहीत काहीच नव्हतं. पेन उघडं, पान कोरं.

"का गं? येत नाही?"

"उत्तर येतं बाई. पाच, सात, आठ. पण ते चूक आहे. मागच्या वर्षी मी हेच लिहिलं होतं, तेव्हा लाल फुली मिळाली."

वर्गात खसखस पिकली.  पण एकदा तोंड उघडलंच होतं, आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. ती उभी राहिली.

"चुकलं हे मला कळलं होतं. का चुकलं ते कळलं नव्हतं. मी विचारलं, तर सर म्हणाले, प्रमाण समान नाही म्हणून. मग मी प्रमाण काढायचं पाठ केलं. परीक्षेत घाईघाईत पुन्हा प्रत्येक बाजूत एकेक मिळवलाच. कारण मला अजूनही ते बरोबर वाटतं."

खसखस थांबली. ज्यांनी पाच, सात, आठ लिहून वही मिटली होती त्यांनी ती हळूच पुन्हा उघडली. तिसऱ्या बाकावर 'वकील' बसायचा. हा मुलगा खडूचा तुकडा कोणी उडवला यावरसुद्धा दोन्ही बाजूंनी वाद घालायचा, म्हणून हे नाव. तो उठला.

"बाई, ताईचं म्हणणं रास्त आहे. चारला एक दिला. मग सहाला एक, सातला एक. कोणावर अन्याय नाही. हे चूक कसं?"

बाईंनी धाकटीकडे पाहिलं. "तुझं बरोबर आहे. तू सांग याला."

धाकटी टुणकन उठली. "कारण बाजूंचं प्रमाण समान हवं."

"का हवं?"

"कारण त्रिकोण समरूप आहेत."

"आणि समरूप का आहेत?"

"कारण प्रमाण..." धाकटी मध्येच थांबली. तिचं तोंड एवढंसं झालं.

बाई हसल्या, पण तिला नाही. "बस, बस. तुझी चूक नाही. मीसुद्धा इतकी वर्षं असंच गोल गोल फिरवून सांगत आले आहे." त्यांनी खडू खाली ठेवला. "काढा तिन्ही त्रिकोण पुठ्ठ्यावर. मूळचा, वकिलांचा आणि हिचा. कापा आणि कोपऱ्यावर कोपरा ठेवून बघा."

कंपास निघाले, कात्र्या निघाल्या. समरूप म्हणजे कोन जुळायलाच हवेत, एवढं सगळ्यांना मान्य होतं. साडेसात आणि पावणेनऊवाल्याचे तिन्ही कोपरे मूळ त्रिकोणाच्या कोपऱ्यांवर चपखल बसले. वकिलाच्या त्रिकोणाचे बसेनात. पण फरक थोडाच. कोपऱ्याशी पुठ्ठ्याची बारीकशी फट दिसायची, बस्स.

"कात्री बोथट आहे," वकील म्हणाला.

"पेन्सिल जाड होती," त्याच्या शेजारचा म्हणाला.

"पुठ्ठा ओला आहे बाई, फुगलाय!"

घंटा झाली तेव्हा अर्धा वर्ग कात्रीला दोष देत होता. बाईंनी कोणावर काही लादलं नाही. जाता जाता म्हणाल्या, "उद्या पुन्हा बसू. तोवर ज्याला वाटेल त्यानं विचार करावा."

संध्याकाळी ताई दुकानात गेली. दुकान म्हणजे पुढे काउंटर, मागे काळ्या पडद्याआड फोटो काढायची खोली आणि कोपऱ्यात संगणकाला जोडलेलं छपाईचं मशीन. शाळेनंतर दोघींपैकी एक जण आईला हाताशी लागायची. त्या दिवशी काउंटरपाशी रेल्वेतून निवृत्त झालेले गार्डकाका उभे होते आणि आवाज चढलेला होता.

"अहो, मुलाच्या लग्नातला एकुलता एक फोटो, ज्यात आमचं सगळं घर एका ओळीत उभं आहे! लहान फोटोत ही आहे. मोठा केला तर हिचा कान गेला, गाल गेला. मोठा केल्यावर माणूस जास्त दिसायला हवा की कमी?"

आईनं दोन्ही फोटो शेजारी ठेवले. लहान चार बाय सहाचा, मोठा पाच बाय सातचा. ओळीच्या टोकाला उभ्या असलेल्या काकूंचा मोठ्या फोटोत खरंच एक गाल गायब होता. "काका, मशीनच तसं आहे. पाच बाय सात केला की कडेचं थोडं कापलं जातं. सगळ्यांचंच जातं."

"सगळ्यांचं जाऊ द्या हो. हिचा गाल गेलेला फोटो मी भिंतीवर लावला, तर उद्या फ्रेममध्ये मला बसावं लागेल. आणि फ्रेम तर घेऊन बसलोय, पाच बाय सातचीच."

आईला हसू आवरेना. "थांबा, ओढून बसवते." तिनं संगणकावर फोटोची कड धरून ताणली. काकू पूर्ण आत आल्या. पण आल्या त्या बदलूनच. सगळं घरच एकदम ताडमाड झालं. चेहरे लांबुळके, माना उंच.

गार्डकाका चष्मा सावरून वाकले. "आमची ही? ही तर हिची शिडशिडीत मावसबहीण दिसते. हिला आवडेल म्हणा. पण मला माझीच हवी."

आईला तेवढ्यात पडद्यामागून कोणी तरी हाक मारली. ओळखपत्राचा फोटो काढायला आलेलं गिऱ्हाईक खोळंबलं होतं. "ताई, तू बघ जरा," म्हणून ती आत गेली.

ताई खुर्चीवर बसली. संगणकाच्या पडद्यावर दोन आकडे होते, उंची पाच, रुंदी सात. मूळ फोटोची उंची चार, रुंदी सहा. चारला एक, सहाला एक. तिचा हात माऊसवर तसाच राहिला. हे तर वकिलाचं न्यायालय! दोघांनाही एकेक दिला, कोणावर अन्याय नाही, आणि काकूंची मावसबहीण झाली.

तिला गंमत वाटली. एकेक दिल्यावर एवढं होतं, तर दहा दहा दिले तर? तिनं उंची चौदा टाकली, रुंदी सोळा. लग्नातली सगळी मंडळी मेणबत्त्यांसारखी उभी राहिली. नवरदेवाचं नाक तर छातीपर्यंत येतंय की काय असं वाटलं. गार्डकाका आधी दचकले, मग खो खो हसत सुटले.

"अजून ओढ, अजून!"

तिनं दोघांना शंभर शंभर दिले. एकशेचार आणि एकशेसहा. आणि आता ती माणसांकडे पाहायचं विसरून फोटोच्या कडांकडे पाहू लागली. आडवा फोटो आडवा राहिलाच नव्हता. जवळजवळ चौरस झाला होता. चार आणि सहा यांत केवढा तरी फरक होता. एकशेचार आणि एकशेसहा यांत काय राहिला? दोघांना सारखंच देत गेलं, की दोघं सारखेच दिसायला लागतात.

मागच्या वर्षी तिला हे कोणी दाखवलं नव्हतं. 

"बरं, आता माझं काम कर की पोरी," काका म्हणाले.

"करते." तिनं सगळं मूळपदावर आणलं आणि या वेळी कडेऐवजी फोटोचा कोपरा धरला. कोपरा धरला की दोन्ही बाजू आपोआप बरोबरीनं वाढतात, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. रुंदी सात होईपर्यंत ओढलं. उंचीचा आकडा पाच झाला नाही. पाचाच्या अलीकडेच अडला. का? तिनं वाया गेलेल्या छपाईचा कागद उलटा केला आणि लिहिलं. सहाचे सात झाले. म्हणजे सहा तुकड्यांत मिळून एक वाढला, दर तुकड्याला एकाचा सहावा हिस्सा आला. मग चार तुकडे असतील तर चारच हिस्से येणार. पूर्ण एक यायचाच नाही. जो मोठा तो जास्त वाढणार, जो लहान तो कमी. तरच दोघांचं एकमेकांशी नातं पहिल्यासारखं राहणार.

"काका, फोटो पूर्ण येईल. फक्त वर आणि खाली थोडी पांढरी पट्टी सुटेल. चालेल?"

"हिचा गाल आहे ना?"

"दोन्ही आहेत."

"मग पट्टी काळी असली तरी चालेल."

आई बाहेर आली तेव्हा काका फोटो वाळवल्यासारखा हातात हलवत निघाले होते. ताई आईला सांगू लागली, मशीन का कापतं, कुठल्या मापाला कापणार नाही, सहा बाय नऊ का नीट येतो. आईनं अर्धं ऐकलं, अर्धं गिऱ्हाइकाकडे लक्ष ठेवून सोडून दिलं. मग एकदम थबकून म्हणाली, "सहा बाय नऊ नीट येतो हे मला माहीत होतं. पण का, ते मी कधी विचारलंच नाही गं." आणि तिनं ताईच्या डोक्यावर टपली मारली. आईचं कौतुक असंच असायचं.

दुसऱ्या दिवशी भूमितीचा तास सुरू झाला तेव्हा वकील नवी कात्री घेऊन आला होता. बाईंनी फळ्यावर पुन्हा चार, सहा, सात लिहिलं. "कोणी विचार केला?"

शेवटच्या बाकावरून हात वर गेला. पोरं मागे वळली.

"बाई, एकाऐवजी शंभर मिळवले तर?"

"म्हणजे?"

"एकेक मिळवून फरक थोडा दिसतो, म्हणून कात्रीवर जातं. शंभर शंभर मिळवा. एकशेचार, एकशेसहा, एकशेसात. हा त्रिकोण कसा दिसेल?"

बाईंनी खडू उचलला. मग त्यांनी तो त्रिकोण फळ्यावर मावेल असा लहान करून काढला. तिन्ही बाजू जवळजवळ सारख्या. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "अगं बाई, हा तर समभुज!"

"हजार मिळवले तर आणखी समभुज," ताई म्हणाली.  "लांबट असो, कसाही असो, सगळ्या बाजूंना सारखंच देत गेलं की प्रत्येक त्रिकोण शेवटी एकसारखाच दिसायला लागतो. म्हणजे मिळवल्यानं आकार बदलतो. एकच मिळवला तरी बदलतोच, फक्त कमी."

सगळा वर्ग वकिलाकडे बघायला लागला. त्यानं नवी कात्री बाकात ठेवली. "न्याय झाला," तो म्हणाला, "पण त्रिकोण गेला."

बाई मोठ्यानं हसल्या. मग विचारलं, "मग खरा न्याय कोणता?"

"ज्याचं जेवढं, त्या मानानं," ताई म्हणाली. "चारला एक, म्हणजे पाव वाढला. सहाचा पाव दीड, म्हणून साडेसात. सातचा पाव पावणेदोन, म्हणून पावणेनऊ."

वर्गात एकच गलका उठला. जो तो आपापल्या वहीत शंभर मिळवून, दोनशे मिळवून पाहू लागला. कोणी वजा करायला घेतलं. या गडबडीत दुसऱ्या बाकावरून मोठ्यानं हाक आली.

"ताई! ए ताई, इकडे ये लवकर! माझा त्रिकोणच होत नाहीये!"

धाकटी होती. तिनं प्रत्येक बाजूतून तीन वजा केले होते. एक, तीन, चार. चारची रेघ आखून दोन्ही टोकांना कंपास फिरवला, तर दोन्ही कंस त्या रेघेवरच एकमेकांना भेटले. वर काही उभंच राहीना. ताई जाऊन तिच्या बाकावर वाकली. दोघींची डोकी एकमेकींना लागली.

"झोपला की गं हा," ताई म्हणाली.

"झोपला! आणि निम्मे करून बघितले, तर उभा राहतो. दोन, तीन, साडेतीन. मी बघितलं." धाकटी वर बघत होती. आपण भर वर्गात काय हाक मारली हे तिच्या गावीही नव्हतं. वर्गात कोणी हसलंही नाही. सगळे आपापले त्रिकोण झोपवण्यात गर्क होते.

बाईंनी त्या दिवशी पुढचं काहीच शिकवलं नाही. मुख्याध्यापक व्हरांड्यातून गेले, गोंधळ पाहून दारात थांबले, धडा कुठवर आला म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, "सर, आज सुरू झाला."

घरी जाताना कोपऱ्यावर आल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, रागावू नकोस. मला उत्तर येत होतं, पण मला काही कळलेलं नव्हतं. बाईंनी 'का' विचारलं तेव्हा माझी फजितीच झाली. तू मला बाकीचा धडा सांगशील?"

"मी? मी नापास झालेली आहे."

"म्हणूनच. तू कुठं कुठं अडलीस ते सगळं तुला माहीत आहे. मी कुठं अडलेच नाही, नुसती घसरत गेले."

ताईला हसू आलं. "चल," म्हणाली, "पण शाळेतसुद्धा हाक मारायची. नुसता कोपर ओढायचा नाही."

"मारली की आज!"

"हो का? मला नाही ऐकू आली."

"खोटारडी!" म्हणत धाकटीनं तिला ढकललं आणि दोघी धावत सुटल्या.

घटक चाचणीत ताई पास झाली. पहिली वगैरे आली नाही. एका ठिकाणी गुणाकारच चुकला, तिथे फुली मिळाली. पण या फुलीकडे पाहून तिला का चुकलं ते कळलं आणि तिनं खाली स्वतःच नीट करून लिहिलं. शेवटच्या बाकावर तिच्याभोवती आता मधल्या सुट्टीत दोन-चार जण बसलेले असत. त्यांत वकील नेमानं असे, कारण त्याला प्रत्येक कसोटीविरुद्ध काही ना काही म्हणायचं असायचं. ताई म्हणून अजूनही सगळेच हाक मारत. पण आता ज्याला अडलं त्याचीच ती हाक असे.

एका संध्याकाळी दुकानात दोघीही होत्या. कोणी तरी जुना फोटो दुप्पट मोठा करून मागितला होता, लांबीलाही दुप्पट, रुंदीलाही दुप्पट. आई आतून ओरडली, "कागद किती लागेल गं? दुप्पटच ना? तेवढाच काढून ठेवा."

"दुप्पटच," धाकटी म्हणाली आणि कागदाच्या गठ्ठ्याकडे हात नेला.

 ताईलाही आधी दुप्पटच वाटलं होतं. मग काही तरी खटकलं. तिनं काउंटर रिकामा केला, काळ्या पडद्याला लावायच्या चिकटपट्टीनं त्यावर मोठ्या फोटोची चौकट आखली आणि जुना फोटो तिच्या एका कोपऱ्यात ठेवला.

"थांब गं," ती म्हणाली. "मांडून बघू. असे किती बसतात ते."

धाकटीनं रद्दीतून त्याच मापाचे कागद शोधायला घेतले.